बायकांच्या दाराचं मत

दादा, मंगळवारी मी बीडला जाऊन पिक्चर बघून आले आणि तेव्हापासून माझं कशातच ध्यान लागंना. मी मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाब्यावर भाकरी थापते. अकरा वर्षं झाली, आजवर माझी भाकरी करपली म्हणून कुणी परत पाठवली नव्हती. काल दोन आल्या. माझ्या बरोबरीनं पीठ मळणारी बाई म्हणली, "काय गं, पिक्चरमदल्या नवरदेवावर जीव बसला का काय?" मी तिला म्हणलं, गप बस. आता दुपारचं गिऱ्हाईक उठून गेलंय, चारपर्यंत कुणी फिरकत नाही, म्हणून नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसलेय. माझी शाळा चौथीपर्यंतची. लेकीचं अक्षर बघून तुम्ही म्हणायचे, कागदावरून कोंबडी चालून गेली. तर तेच अक्षर आहे अजून, त्यात काही फरक पडलेला नाही. तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगणार आहे, कारण मला हे एकदा सगळं ओळीनं सांगायचंय. तुमच्यापुढं मी कधीच ओळीनं बोलले नाही. तोंडाला येईल ते फाडकन बोलायचं आणि उठून जायचं, एवढंच केलं.

मंगळवारी ढाबेवाल्याच्या घरी कार्य होतं, चूल बंद होती. सुनेनं मोबाईलवर तिकिटं काढली. आम्ही चौघी गेलतो. मी, सून, ही पीठ मळणारी आणि चौकात केळीचा गाडा लावते ती भाभी. पिक्चर लग्नाचा. एक पोरगी मैत्रिणीच्या लग्नाला जाती, तिथं नवरदेवाच्या भावाशी तिचं पहिल्याच दिवशी वाजतं. दोघांच्या बॅगांची अदलाबदल होती, हिच्या बॅगेत त्याचा कोट, त्याच्या बॅगेत हिचा घागरा. मी तिथंच सुनेला म्हणलं, "ह्या दोघांचं लगीन व्हतंय बघ." सून म्हणली, "आत्या, सगळ्यांनाच कळलंय, हळू बोला." मंग हळद झाली, मेंदी झाली, नाच झाला, रुसवा झाला, आणि शेवटाला पोरगी रडत एसटीत बसून निघाली तर हा नवरदेवाचा घोडा घेऊन एसटीच्या मागं. मी तर वैतागून गेलते. पण माझ्या शेजारी बसलेली एक अनोळखी बाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. मी तिच्याकडंच बघत राहिले, पडद्याकडं नाही.

सुटल्यावर भाभीला तहान लागली म्हणून आम्ही बाहेरच्या पाण्याच्या मशीनपाशी थांबलो. तिथं सगळ्या बायका जमलत्या. मला घाई होती, गाडी गाठायची होती. मी सुनेला चल चल करत होते, तेवढ्यात एक नऊवारीतली बाई तिच्या जावेला म्हणली, "मला तर बाहेरचा फोटू बघूनच कळलं व्हतं."

जाऊ म्हणली, "मंग आलीस कावून?"

"कळलंय म्हणूनच आले की. घरी उद्या काय व्हनार ते कुठं कळतंय? इथं तीन घंटे काई वंगाळ व्हनार न्हाई, एवढं तर पक्कं असतंय."

दुसरी एक पोरसवदा बाई होती, कडेवर लेकरू. ती म्हणली, "एवढं मोठं लगीन, पर जेवणावरून एकबी मानूस फुगला न्हाई. असलं लगीन असतंय व्हय?"

"एखादा मामा तरी फुगायला पायजे व्हता."

"आमच्या लग्नात चुलतसासऱ्याला गुलाबजाम कमी पडला, तर आजून बोलत न्हाईत. लेकरू झालं तरी बघायला आले न्हाईत."

आमची भाभी पाणी पिता पिता म्हणली, "और वो घोडा देखे क्या? एसटी के पीछे भागा तो एसटी रुक गई. अपने इधर पूरा खानदान हात दिखाए तो बी नै रुकती." सगळ्या हसल्या. ती नऊवारीतली बाई इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. मंग ती म्हणली, "पुढल्या हप्त्यात माझ्या बहिणीला घेऊन येते. तिला बी दाखवायला पायजे."

दादा, एकीनंही म्हणलं नाही की पिक्चर खराब होता. शेवट कळला होता हे सगळ्याच म्हणत होत्या, पण तक्रार म्हणून नाही. माहेरचा रस्ता कळतो तसं म्हणत होत्या. आणि मी गाडीची घाई विसरून तिथं पाण्याच्या मशीनपाशी हातात पिशवी घेऊन उभीच राहिले. कारण 'शेवट आधीच कळतोय' हे मी एकदा तुम्हाला सांगितलं होतं. बायका असं म्हणत्यात, म्हणून सांगितलं होतं. ते बायकांचं नव्हतं दादा. ते माझं होतं. बायका काय म्हणत होत्या ते मी ऐकलंच नव्हतं.

तुम्ही माजलगावच्या टॉकीजला दारावर होते. लोकांना वाटायचं, तिकीट फाडायचं काम, त्यात काय. पण शेठला माहीत होतं तुमचं खरं काम कोणतं ते. शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा आणि बुधवारी सकाळी शेठला ठरवावं लागायचं, रिळांची पेटी अजून एक आठवडा ठेवून घ्यायची का पुढच्या गावाला पाठवायची. शेठ म्हणायचा, खुर्च्या किती भरल्या ते मलाबी दिसतंय, पण त्या खुर्चीतला मानूस घरी जाऊन चार जणांना पाठवील का न्हाई, ते ह्यालाच कळतंय. तुम्ही शो सुटला की पायऱ्यांच्या खाली उभं राहायचे, मान खाली, जसं काही पायाखाली पडलेलं शोधताय. कुणाला काही विचारायचे नाहीत. मी एकदा म्हणलं, सरळ विचारायचं की, कसा वाटला म्हणून. तुम्ही म्हणले, "इचारलं की मानूस शहानपनाचं बोलतंय. इचारायचं न्हाई. पायऱ्या उतरताना जे पयलं तोंडातून निघतं तेवढंच त्याचं असतं." मी आजही गिऱ्हाइकाला विचारत नाही भाकरी कशी झाली. ताट ठेवून तो उठला की ताटात काय राहिलं ते बघते. हे तुमचंच. तेवढं एक माझ्यात उतरलं, तेही लई उशिरा.

बायकांचं दार मागल्या अंगाला होतं. तिथं एक म्हातारी होती, ती लेकीकडं राहायला गेली आणि शेठनं तुम्हाला विचारलं की कुणाला ठेवू. मी सतरा वर्षांची होते, शाळा सुटून जमाना झालता, घरी बसून आईशी भांडायचे. तुम्ही म्हणले, माझ्या पोरीला ठेवा. आईला पटलं नव्हतं. ती चुलीपुढून म्हणली, "ही बायांच्या दारात? ही एकएकीला ढकलून देईल." तुम्ही हसले आणि म्हणले, "तोंडाची फटकळ हाय, पण खोटं न्हाई बोलत. मला असंच मानूस पायजे." मला तेव्हा लई बरं वाटलं. तुम्ही बाजारातून माझ्यासाठी दोन सेलची बॅटरी आणली, लाल झाकणाची, अंधारात जागा दाखवायला. घरी आल्यावर मी ती भिंतीवर मारून बघत होते, तर तुम्ही म्हणले, सेल पडद्यापुढं संपवायचे, घरात न्हाई.

त्या बॅटरीवरून तुम्ही मला एकदाच रागावलते. एक बाई शेवटच्या रांगेत एकटी बसून रडत होती. पिक्चरमध्ये काही रडण्यासारखं चाललेलं नव्हतं. मी तिच्या तोंडावर बॅटरी मारली आणि विचारलं, काय झालं गं बाई? ती उठून निघून गेली. तुम्हाला हे कुणीतरी सांगितलं. तुम्ही मला दारातल्या पाण्याच्या रांजणापाशी नेऊन म्हणले, "रडनाऱ्या बाईच्या तोंडावर उजेड पाडायचा न्हाई. घरी रडायला जागा नसंल म्हणून ती तिकीट काढून आली असंल." मी म्हणलं, मला काय माहीत. तुम्ही म्हणले, "म्हणूनच सांगतोय. माहीत नसलं की गप उभं ऱ्हायचं आन ऐकायचं." तुमचं एवढंच म्हणणं होतं की बायकांच्या दाराशी रांजण आहे, शो सुटला की बाया तिथं थांबतात, लेकरांना पाणी पाजतात. तू वगराळं घेऊन पाणी दे आणि कान उघडे ठेव. मी तिथं उभा राहू शकत नाही, मला बघून त्यांची तोंडं बंद होतात. एवढंच काम. दुसरं काही नाही.

मला ते काम होईना. बाया रांजणापाशी एकेक घंटा सरकायच्या नाहीत. एकीच्या लेकराची चप्पल हरवलेली, एकीचा पदर दुसरीच्या पिशवीत अडकलेला, कुणाची जाऊ आत झोपलेली. मी वैतागायचे. आणि मंग तो पिक्चर लागला. दोन बहिणी, एक स्थळ. बघायला येतो थोरलीला, चहा घेऊन येती धाकटी. मी पहिल्या शोला पहिली वीस मिनटं बघितली आणि मला सगळं कळलं. धाकटीचं त्याच्याशी, थोरलीचं त्याच्या मित्राशी, शेवटाला एकाच मांडवात दोन लग्नं. त्या आठवड्यात मी काय केलं ते सांगते. शेवटचं गाणं लागलं की मी बायकांच्या दाराची कडी काढायचे, दाराला दगड लावायचे आणि मागच्या गल्लीतून सरळ घरी जायचे. बाया त्यांच्या त्यांच्या निघायच्या, पाणी त्यांचं त्या घ्यायच्या. तुम्ही पुढच्या दाराला असायचे, तुम्हाला मागलं दिसायचं नाही. शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत मी एकदाही रांजणापाशी उभी राहिले नाही. एकदाही.

बुधवारी सकाळी तुम्ही जेवायला बसले. आई भाकरी टाकत होती, तुम्ही तव्यावरची गरम भाकरी हातात घेऊन फुंकत होते. तुम्ही म्हणले, "काय म्हणत्यात बाया? शेठ वाट बघतोय."

मी म्हणलं, "काय म्हणनार. पयल्या पाच मिनटात शेवट कळतोय म्हणत्यात. वाया गेलं तिकीट म्हणत्यात."

तुम्ही घास हातातच ठेवला. "सगळ्या?"

"सगळ्याच."

"पर मला तर पुढं हसू ऐकू येत व्हतं बायांचं. लई हसत व्हत्या."

"पोरं हसत व्हती. बाया नव्हत्या हसत."

हे दुसरं तर मला बोलायचं कारणच नव्हतं, दादा. पहिलं आळसानं बोलले असं एखाद्यानं म्हणलं तर मी मान हलवीन. पण हे दुसरं मी तुमच्या कानावर बोलले. तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलेलं मी पुसून टाकलं. तुम्ही माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणले, "तू तिथं उभी व्हतीस, तुलाच जास्त माहीत." हात धुतले आणि शेठकडं गेले. पुरुषांचं मत त्या आठवड्यात धड इकडं ना तिकडं होतं, हे तुम्ही मंग आईला सांगितलं. म्हणजे सगळं बायकांच्या दारावर होतं. तुम्ही शेठला सांगितलं, पेटी पाठवा. गुरुवारचा शेवटचा शो झाला आणि शुक्रवारी सकाळी पेटी परळीच्या गाडीत चढली. मी चढताना बघितली. मला काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की आता निदान दुसरा पिक्चर येईल.

शनिवारी तेलगावकडून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पंधरा-वीस बाया, लेकरं, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. कापसाची वेचणी उरकून आलत्या. त्यातल्या तिघी-चौघी आदल्या सोमवारी तो पिक्चर बघून गेलत्या आणि घरोघर सांगून ह्या सगळ्यांना घेऊन आलत्या. ट्रॅक्टर पुढच्या दारात उभा राहिला आणि त्यांनी वर बघितलं, तर फोटू दुसराच, तलवारीवाल्याचा. एक म्हातारी ट्रॉलीच्या कडेला धरून उतरली आणि तुम्हाला म्हणली, "दोन बहिणीवाला पिक्चर कुठं गेला, भाऊ?" तुम्ही म्हणले, उतरला. ती म्हणली, "कावून उतरला? सोमवारी तर बायांना खुर्च्या पुरत नव्हत्या. आमी खाली बसून बघितला. त्या रांजणापाशी लेकरं तहानेली ठेवून आमी त्याच पिक्चरचं बोलत बसलो व्हतो." मी बायकांच्या दारातून पुढं आलते, तुमच्या मागं चार हातांवर उभी होते. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलं नाही. तुम्ही त्या म्हातारीला म्हणले, "चूक झाली, मावशी. माझी चूक झाली." ती म्हणली, "आता हे तलवारीचं आमी काय बघावं?" आणि बाया त्या उन्हात परत ट्रॉलीत चढल्या. परळीला तो पिक्चर पाच आठवडे चालला. ते तुम्हाला पेटीवाल्यानं सांगितलं, हसून सांगितलं.

त्यानंतर महिन्याच्या आत तुम्ही दारावरून सायकल स्टँडवर गेले. सायकलींना टोकन बांधायचं काम. मला कुणी काही सांगितलं नाही, पण मी समजून गेले की शेठनं हलवलं. मी शेठला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या. एवढी वर्षं ज्याच्या शब्दावर चालला, त्याला एका पिक्चरसाठी उचलून सायकलीत टाकलं. मला माझ्याऐवजी रागवायला माणूस मिळालता, दादा. मी तो धरून ठेवला, पार परवापर्यंत.

तुम्ही एकदाच विचारलं. माझं लगीन ठरलतं, आठ दिवस राहिलते. मी तुमचा डबा घेऊन स्टँडवर आलते. तुम्ही टोकनाची तार वळत बसले होते. तुम्ही तारेकडंच बघत म्हणले, "त्या टायमाला बाया खरंच तसं म्हणल्या व्हत्या का गं?" मला अजून तो आवाज ऐकू येतोय. रागाचा नव्हता. जसं कुणी आपलीच हरवलेली वस्तू विचारावी तसा होता. तेव्हा मी बोलले असते तर काय झालं असतं? तुम्ही मला मारलं नसतं. तुम्ही कधी हात उचललाच नाही. पण मी फणकाऱ्यानं म्हणलं, "मंग मी काय खोटं बोलते व्हय?" आणि तुम्ही लगेच म्हणले, "न्हाई न्हाई, आपलं इचारलं. माझंच काय की आजकाल, मला पब्लिक कळंना." डब्यातली भाकरी तुम्ही अर्धी ठेवली. मी ताट बघितलं आणि तरी निघून आले.

मरेपर्यंत तुम्ही तेच म्हणत राहिले. मी माहेरी आले की गल्लीतले लोक गमतीनं विचारायचे, नवा पिक्चर कसा हाय, चालंल का? आणि तुम्ही म्हणायचे, मला इचारू नका, मला कळत न्हाई आता. लोक हसायचे. मी पण एकदा त्यांच्यात हसले. मंग टॉकीजच बंद पडली आणि तुम्हीही गेले. चोवीस वर्षं झाली. चोवीस वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नाही असं नाही. यायचं, आणि मी म्हणायचे, एवढा काय मोठा गुन्हा, एक पिक्चर तर होता. मंगळवारी बीडला त्या बाया पाणी पिताना ऐकल्या आणि मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही मला काय ऐकायला उभं केलं होतं. ते इतकं सोपं होतं दादा. नुसतं उभं राहायचं होतं. पाच मिनटं.

परवा मी सुट्टी घेऊन माजलगावला गेले. शेठ अजून आहे. टॉकीजचं मंगल कार्यालय केलंय, शेठचा पोरगा चालवतो. बायकांचं दार होतं तिथं आता आचाऱ्याची भांडी घासतात. आत कुणाचं तरी लगीन चाललेलं, अक्षता नुकत्याच पडलत्या. शेठ मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला, हात कापतात, पण ओळखलं. "दारावाल्याची पोरगी ना तू? लई आगाऊ व्हतीस."

मी इकडचं तिकडचं केलं नाही. मला ते येत नाही. मी म्हणलं, "शेठ, माझ्या बापाला तुमी सायकलीवर टाकलं ते बरोबर केलं न्हाई."

तो खुर्चीत पुढं सरकला. मंग म्हणला, "मी टाकलं? कुनी सांगितलं तुला? मी तर हात जोडत व्हतो त्याला. तो स्वतः येऊन म्हणला, मला दारावरून काढा."

"कावून?"

"एक पिक्चर उतरवला व्हता त्याच्या शब्दावर, आता कोन्ता ते आठवत न्हाई मला. बाया का कोन उन्हात येऊन परत गेल्या म्हणे. मी म्हणलं, अरे एका पिक्चरनं काय व्हतंय, दहा वर्सं तुझं बरोबर आलं. तर म्हणला, शेठ, हसू माझ्या कानानं ऐकलं आन तरी मी उलटं सांगितलं. ज्याला सोताच्या कानाचा भरवसा न्हाई त्यानं दारात उभं ऱ्हाऊ नये."

"माझं नाव घेतलं का त्यांनी?"

"तुझं? तुझं कावून?" शेठ म्हणला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. म्हणलं, मी रांजणापाशी उभीच नव्हते, मी घरी जायचे, बायांचं मत मी मनानं सांगितलं, त्यांचे कान बरोबर होते. शेठनं ऐकून घेतलं. सनई जोरात चालू झाली म्हणून त्यानं कानामागं हात धरला, मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लग्नातले दोघं-तिघं वळून बघायला लागले. शेवटी तो हसला आणि म्हणला, "पोरी, आता त्याचं काय. ती टॉकीजबी गेली, तो पिक्चरबी गेला. जेवून जा. जिलेबी गरम हाय." आणि पोराला हाक मारून मला पंगतीत बसवायला सांगितलं. मी कुणाच्या ओळखीची ना पाळखीची, त्या लग्नात बसून जेवले. उठता येईना म्हणून जेवले. समोर नवरीचा बाप वाढत होता, त्यानं मला आग्रह केला, मी नको म्हणलं नाही.

येताना गाडीत मी विचार करत होते की आता हलकं वाटायला पाहिजे. वाटलं नाही. ज्याला सांगायचं होतं त्याला सोडून मी दुसऱ्यालाच सांगून आले, आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. उलट जास्त जड झालं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला शेठनं शिक्षा केली. ती तुम्ही तुमच्या हातानं घेतली. माझ्या शब्दाला खोटं म्हणण्यापरीस तुम्ही तुमच्या कानाला खोटं म्हणलं. मला हे मंगळवारच्या आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं? काहीच केलं नसतं बहुतेक. मी मला ओळखते.

तुमचे कान शेवटपर्यंत बरोबर होते दादा. बाया हसत होत्या. हे मी लिहून ठेवते. हा कागद कुठं पाठवायचा नाही आणि कुणाला दाखवायचाही नाही, सुनेला तर नाहीच. गुंडाळून माझ्या ट्रंकेत टाकीन. चार वाजत आले, तिकडून पीठ मळून झालं म्हणून हाक मारतायत.

एक राहिलं. बीडहून येताना गाडीत त्या पिक्चरचं नाव माझ्या तोंडून निघालं होतं, म्हणून काल सुनेनं सहज विचारलं, आत्या, तुमच्या टायमाला तो दोन बहिणीवाला पिक्चर व्हता म्हणे, मोबाईलवर सापडलाय, लावू का? मी म्हणलं, नको, बघितलाय. ती म्हणली, कसा हाय शेवट? मी म्हणलं, चांगला हाय, एकाच मांडवात दोन लग्नं. दादा, मी त्याची पहिली वीस मिनटं सोडून पुढं काहीच बघितलेलं नाही. शेवट काय होतो ते मला आजही माहीत नाही.